मिसळीच्या टेबलावर ३५ की ५०?

ठाण्यात मामलेदार मिसळसारख्या गजबजलेल्या ठिकाणी फोटो काढायचे तर निकॉनच्या डीएक्स (छोट्या सेन्सरच्या) बॉडीवर ३५ एमएम एफ/१.८ लेन्स लावावी की ५० एमएम एफ/१.८?

निकाल लागतो तो अंतरावर. ३० सेंटीमीटर रुंदीची फ्रेम भरायला ३५ला सेन्सरपासून साधारण ५० सेंटीमीटर लागतात, ५०ला पाऊण मीटर. म्हणजे वरून प्लेट टिपायची तर ३५ बसल्या जागी चालते, ५०साठी खुर्ची सोडून उभं राहावं लागतं. गर्दीत ते जमत नाही. किमान फोकस अंतरही ३५चं ३० सेंटीमीटर, ५०चं ४५.

फोकसच्या खोलीच्या, म्हणजे पुढून मागे किती भाग शार्प येतो त्याच्या बाबतीत मात्र फ्रेम तेवढीच ठेवली तर दोन्ही जवळपास सारख्याच. एफ/१.८ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, जेमतेम सव्वा सेंटीमीटर शार्प येतं: फरसाण स्पष्ट, तर्री धूसर. म्हणून छिद्र लहान करून एफ/४ वापरा. मागची गर्दी पुसायला ५० नक्कीच सरस.

ट्यूबलाइटखाली पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तर्रीचा लाल रंग लवकर जळतो (त्यातले बारकावे जातात), म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवून कॅमेऱ्यातला लाल हिस्टोग्राम (लाल रंगाच्या उजेडाचा आलेख) तपासा. हे दोन्हींना लागू.

वजनात फरक नगण्य: २०० आणि १८५ ग्रॅम.

टेबलावरचं खाणं हाच मुख्य विषय असेल तर ३५ घ्या. वडे तळणाऱ्या हातांचे, माणसांचे फोटो लांबून हवे असतील किंवा पुढे फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) जायचं असेल, तर ५०.