उचलून आणलेली प्रार्थनास्थळं: न्यूयॉर्क पाहावं की मायामी?

मुलांकडे अमेरिकेला निघाला आहात, जुनी दगडी दारं आणि घडीव लोखंड पाहायची हौस आहे, पण न्यूयॉर्क किंवा मायामी यांपैकी एकच जमणार आहे? मग सरळ न्यूयॉर्क धरा.

दोन्ही शहरांत जुनी प्रार्थनास्थळं सुटी करून आणून पुन्हा उभारली आहेत. गंमत म्हणजे दोन्हीकडचे दगड स्पेनच्या सेगोविया प्रांतातल्या शेजारशेजारच्या गावांतले. न्यूयॉर्कच्या ‘क्लॉइस्टर्स’ संग्रहालयात फुएन्तिदुएन्याच्या पडक्या चर्चचं अर्धगोल गर्भगृह आहे. सुमारे ३,३०० दगड क्रमांक घालून आणले आणि १९६१ मध्ये दालन खुलं झालं. मालकी आजही स्पेनचीच.

त्याच दालनात इटलीतल्या सान लिओनार्दो चर्चचं संगमरवरी दार आहे, साधारण ११७५ चं. आपल्याकडे गणेशपट्टी असते त्या जागी येशूचा जेरुसलेम-प्रवेश कोरलाय. उजव्या द्वारशाखेवर संत लिओनार्द उभा आहे. हा कैद्यांचा कैवारी, म्हणून त्याच्या हातात बेड्या घातलेला चिमुकला कैदी! इथे घाई करू नका.

मायामीत आहे तो साक्रामेनिया गावचा मठ, बाराव्या शतकातला. वृत्तपत्रसम्राट हर्स्टने तो १९२५ मध्ये विकत घेतला. दगड गवतात बांधून सुमारे ११,००० खोक्यांतून आले. जनावरांच्या लाळ्या-खुरकताच्या भीतीने अमेरिकेत ते गवत जाळलं गेलं आणि दगड भलत्याच खोक्यांत परत भरले गेले. झालं! माल २६ वर्षं ब्रुकलिनच्या गोदामात पडून राहिला. १९५२ नंतर जुळणीला १९ महिने लागले, तरी काही दगड उरलेच. भिक्षूंच्या जेवणघरात आता चर्च भरतं. ओवऱ्यांतून मनसोक्त फिरता येतं, हे सुख क्लॉइस्टर्सच्या तुकड्यातुकड्यांत नाही. कोरीव दारांच्या बाबतीत मात्र मायामी बरंच मागे.

लोखंडाचं म्हणाल तर क्लॉइस्टर्सवर थांबू नका. क्लॉइस्टर्स ही ज्याची शाखा, त्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या मुख्य मेट (मेट्रोपॉलिटन) संग्रहालयात स्पेनमधल्या वायादोलिद कॅथीड्रलची १७६३ ची लोखंडी जाळी आहे, जवळजवळ ५२ फूट उंच. तीही हर्स्टच्या फाउंडेशनकडूनच आलेली. डिसेंबरात तिच्यासमोर ख्रिसमसचं झाड उभारतात. तेव्हा जाळी नीट पाहायची तर दुसरा महिना बरा.

मेटच्या तिकिटावर त्याच दिवशी क्लॉइस्टर्सही होतं. बुधवारी दोन्ही बंद. मायामीला जायचंच ठरलं तर आधी फोन करा, तिथे लग्नं फार लागतात.