ब्लू कार्डवर जर्मनीत घरकर्ज: आमच्या सल्लागाराबद्दल

श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला आम्ही तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला, त्याला आता चार महिने झाले. कर्ज एका स्वतंत्र सल्लागारामार्फत काढलं. ब्लू कार्डवरची (म्हणजे कुशल नोकरदारांना मिळणाऱ्या मुदतीच्या राहण्या-कामाच्या परवान्यावरची) मराठी मंडळी सारखी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आम्ही पगाराचं खातं असलेल्या बँकेतच गेलो होतो. तिथल्या बाईंनी कार्डावरची तारीख पाहिली आणि कागद परत केले. परवान्याची दोन वर्षं उरलीत, तीस वर्षांचं कर्ज कसं देणार? दोघांचे पगार, स्वच्छ शूफा (आपल्या सिबिलसारखी इथली पत-नोंद), काही बघितलंच नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

सल्लागाराने पहिल्याच भेटीत सांगितलं की प्रत्येक बँकेचा नियम वेगळा असतो. कायमचा परवाना नसला तरी कर्ज देणाऱ्या बँका आहेत. त्यानं शूफाकडे फक्त दराची चौकशी टाकली. तिचा गुणांकावर परिणाम होत नाही. थेट कर्जाचा अर्ज टाकला तर होऊ शकतो. त्याची फी आम्हाला पडली नाही, त्याला कमिशन बँक देते.

मग त्यानं वरखर्चाचा हिशोब मांडला. किंमत ३,२०,००० युरो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये खरेदीकर ५ टक्के, म्हणजे १६,०००. माकलरचे, म्हणजे घराच्या दलालाचे ३.५७ टक्के, नोटार (खरेदीचा दस्त करणारा कायदेतज्ज्ञ) आणि नोंदणीचे जवळपास २ टक्के. सगळे मिळून सुमारे ३४,००० युरो, आणि हे बँक देणार नाही, स्वतःच्या खिशातून घालायचे. हा आकडा आधी कळला नसता तर आमची फजितीच झाली असती.

त्यातले काही पैसे आई-बाबांनी कराडहून पाठवले. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलं की भारतात बँक टीसीएस (परदेशी पाठवलेल्या पैशांवरचा आगाऊ कर) कापते, म्हणून दोघांनी आपापल्या खात्यातून त्या मर्यादेत पाठवले. इथल्या बँकेला हे पैसे आले कुठून याचा पुरावा हवा होता. आई-बाबांच्या सहीचं बक्षीसपत्र कसं लिहायचं तेही सल्लागारानेच सांगितलं.

तक्रारीही आहेत. एक पगारपत्रक त्याच्याकडून बँकेला जायचं राहिलं आणि तीन आठवडे वाया गेले. घर विकणारा दुसरं गिऱ्हाईक बघायला लागला होता, माझी झोप उडाली होती. शिवाय बचत-करार घ्या म्हणून तो दोनदा मागे लागला. आम्ही नको म्हटलं, तुम्हीही विचारल्याशिवाय सही करू नका.

पण नोटारकडे जायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्याबरोबर दीड तास बसला. आपल्याकडे रजिस्ट्रार ऑफिसात फोटो, अंगठा, सही, की झालं. इथे नोटार सगळा दस्तऐवज मोठ्याने वाचून दाखवतो, आणि भाषा येत नसेल तर दुभाषा लागतो. तारणाच्या दस्तात एक कलम असतं: हप्ते थकले तर बँक आधी खटला न भरता थेट जप्तीची कारवाई सुरू करू शकते. ते कलम त्यानं पेन्सिलीने अधोरेखित करून समजावलं होतं. दुसऱ्या दिवशी वाचन तिथवर आलं तेव्हा मी घाबरले नाही, नोटारला नीट दोन प्रश्न विचारले.

कर्ज २,७०,००० चं. व्याज ३.६ टक्के, पहिल्या वर्षी मुद्दलाची फेड २ टक्के, व्याजदर पंधरा वर्षांसाठी बांधलेला. दहा वर्षांनी सहा महिन्यांची नोटीस देऊन दंडाशिवाय सगळं फेडता येतं, हा कायदाच आहे. दरवर्षी ५ टक्के जादा भरायची सोयही त्यानं बँकेकडून मिळवून दिली.

बाबांनी त्यांचं घरकर्ज बदलत्या दराने फेडलंय. दर वाढला की मुदत वाढायची, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पैसे पाठवायच्या आदल्या रात्री त्यांनी फोनवर विचारलं, “म्हणजे पंधरा वर्षं महिन्याचा हप्ता १,२६० युरोच?”

“हो बाबा, १,२६०च.”

“लेखी आहे ना?”

“लेखी आहे.” मग त्यांनी फोन आईकडे दिला.