अंबडचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वर्कशॉप: आधी मोजमाप, मग पाना

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं बंद झालं, तेव्हापासून ऑटोमॅटिक गाडी ही माझी गरज आहे. माझी सेडान सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी. मे महिन्यात कसारा घाट चढताना ती दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना अडखळू लागली. आरपीएम वर चढायचा, गाडी ओढायची नाही आणि मग धाडकन धक्का देऊन गिअर पडायचा. सकाळी डी (ड्राइव्ह) टाकल्यावरही गाडी क्षणभर जागची हलत नसे.

आधी जिथे दाखवली, तिथे स्कॅनर लावला, पी ०७३३ हा कोड निघाला आणि लाखाच्या वरचं एस्टिमेट हातात आलं. त्यात एकच ओळ: गिअरबॉक्स असेंब्ली. मी नाशिकमध्ये करसल्लागार आहे. आधाराशिवाय लिहिलेला आकडा मला पचत नाही. एका अशिलाने अंबड एमआयडीसीतल्या या वर्कशॉपचा पत्ता दिला.

इथे तपासणीचे पैसे वेगळे घेतात आणि ते आधीच सांगतात. मला हे फार पटलं. निदानाचे पैसे मिळाले की काहीतरी बदलूनच कमाई करायची घाई राहत नाही.

मालकांनी पहिल्यांदा बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग बघितलं, मग इंजिन माउंट. "ताई, इंजिन मिसफायर झालं किंवा माउंट गेलं तरी धक्का गिअरचाच वाटतो," ते म्हणाले. मग लॅपटॉप जोडून मला शेजारी बसवलं आणि गाडी गरम होईपर्यंत फिरवली. पडद्यावर टर्बाइन स्पीड (गिअरबॉक्सच्या आत येणारा वेग), आउटपुट स्पीड (बाहेर पडणारा वेग) आणि ऑइलचं तापमान. तिसरा पडताना टर्बाइनचा वेग खाली यायला हवा. तो आधी उसळून वर गेला, मग उतरला. म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला क्लच घसरत होता. पी ०७३३चा अर्थ एवढाच, की तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. ते ऑइल कमी असल्याने जुळत नसेल, सोलेनॉइड (ऑइलचा दाब वळवणारा विजेचा व्हॉल्व्ह) अडकल्याने, क्लच प्लेट झिजल्याने किंवा स्पीड सेन्सर चुकीचं सांगतोय म्हणूनही. कोडवरून थेट असेंब्लीवर उडी मारायला जागाच नव्हती.

या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, नाही. गाडी लिफ्टवर सपाट उचलली, इंजिन चालू ठेवून लिव्हर सगळ्या पोझिशनमधून फिरवला आणि ऑइल मॅन्युअलमधल्या तापमानाला आल्यावर लेव्हल प्लग उघडला. बारीक धार यायला हवी होती. थेंबही आला नाही. ॲक्सलचं ऑइल सील पाझरत होतं. पातळी इतकी खाली गेली की चढावर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतो. घाटातच त्रास का व्हायचा, याचं उत्तर मिळालं.

गिअरबॉक्सच्या तळाचं पॅन काढल्यावर त्यातलं, धातूची झीज पकडणारं मॅग्नेट माझ्या हातात दिलं. बारीक करडा लेप होता, म्हणजे नेहमीची झीज; धातूचे तुकडे नव्हते. सील, फिल्टर आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) घातलं. एका वेळी निम्म्याच्या आसपासच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडी गाडी चालल्यावर पुन्हा बोलावून दुसऱ्यांदा बदललं. मशीनने फ्लश करायला, म्हणजे सगळं ऑइल एकदम ढकलून बदलायला, त्यांनी स्वतःहून नकार दिला. शेवटी ॲडॅप्टेशन (गिअर बदलण्याच्या कॉम्प्युटरने शिकलेल्या सवयी) रीसेट केलं आणि हलक्या पायाने सगळे गिअर चढवत-उतरवत गाडीला नव्याने शिकवलं. घाटात आता तिसरा कधी पडला ते कळतही नाही. बिल जुन्या एस्टिमेटच्या पाव भागापेक्षाही कमी, आणि प्रत्येक ओळीपुढे पार्ट नंबर.

'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर मात्र माझा राग आहे. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. मग विकणारे 'बदलायचंच नाही' असं कोणत्या तोंडाने सांगतात?

उणं सांगायचं तर बसायला धड जागा नाही, गाडी न्यायला माणूस येत नाही आणि सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) काम ते घेत नाहीत. फोन करून वेळ ठरवावी लागते. शक्यतो आदल्या संध्याकाळी गाडी तिथे सोडा. रात्रभर गार झालेल्या गाडीला सकाळचा पहिला डी त्यांना स्वतः टाकून बघायचा असतो.