घर एलएलसीच्या नावावर, भाडं मात्र माझ्याच खात्यात: आठ महिन्यांचा अनुभव

डॅलसजवळचं आमचं भाड्याचं घर ऑक्टोबरात एलएलसीच्या, म्हणजे माझ्या एकट्याच्या मालकीच्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या, नावावर केलं. टेक्ससमध्ये नोंदणीचे 300 डॉलर, आयआरएस या आयकर खात्याकडून ईआयएन (कंपनीचा टॅक्स नंबर) फुकट, मग काउंटीत डीड, म्हणजे मालकी बदलल्याचा दस्त. घरावर कर्ज नव्हतं म्हणून सोपं गेलं. कर्ज असेल तर आधी बँकेला विचारा; मालकी बदलली की सगळी रक्कम मागायचं कलम बहुतेक मॉर्गेजमध्ये असतं.

खरी गंमत एक तारखेला. 2,150 डॉलर नेहमीसारखे माझ्या पर्सनल खात्यात जमा! भाडेकरूंनी झेलवर (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) ऑटो-पे लावलेला. मी ईमेल टाकला, 'पुढच्या महिन्यापासून या खात्यात पाठवा.' उत्तर नाही. दोन दिवसांनी फोन आला, "तो ईमेल तुमचाच आहे ना?" त्यांचं काय चुकलं? 'भाड्याचं खातं बदललंय' हा तर फसवणुकीचा ठरलेला ईमेल. मग रीतसर पत्र काढलं: जुना मालक, नवा मालक, दोघांच्या सह्या (दोन्ही माझ्याच), भाडं कधीपासून आणि कुठे, लीज आहे तशीच चालू. सोबत डीडची प्रत. घरी जाऊन हातात दिलं, तेव्हा कुठे विश्वास बसला.

त्याच पत्रात डिपॉझिटही घातलं. टेक्ससच्या कायद्यात, नेमकी रक्कम लिहून 'ही मला मिळाली, आता जबाबदार मी' असं नव्या मालकाने सही करून भाडेकरूला दिलं नाही, तर जुना मालक सुटत नाही. तेवढी रक्कम आधी एलएलसीच्या खात्यात टाकली आणि मगच सही केली.

तरी डिसेंबरचं भाडं पुन्हा माझ्याकडेच आलं, जुना ऑटो-पे बंद करायचा राहिला होता. त्याच दिवशी पूर्ण रक्कम पुढे पाठवली, मेमोत महिना लिहून. नोव्हेंबरात एवढी अक्कल नव्हती. त्या भाड्यातून चक्क क्रेडिट कार्डाचं बिल भरलं होतं. आमच्या सीपीएबाईंनी (अकाउंटंट) झापलं, "मग एलएलसी काढलीत कशाला?" पैसे असे मिसळले तर उद्या कोर्टात कंपनीची ढाल, म्हणजे घरावरच्या दाव्यापासून माझ्या खासगी पैशांना मिळणारं संरक्षण, टिकेलच असं नाही.

टॅक्समध्ये फरक शून्य. मालक मी एकटाच, त्यामुळे भाडं पूर्वीसारखंच माझ्या रिटर्नमधल्या शेड्यूल ई या फॉर्मवर. घर एलएलसीचं झालं तरी त्याचा इन्शुरन्स मात्र जानेवारीपर्यंत माझ्याच नावावर होता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

फेब्रुवारीपासून भाडं बिनबोभाट योग्य खात्यात येतंय. मीच अजून सुधारलो नाही. गेल्या महिन्यात वॉटर हीटर गळला आणि प्लंबरला घाईत पर्सनल कार्ड दिलं. 185 डॉलर. पावती जोडून एलएलसीकडून परत घेतले.