डोळ्यातल्या लेन्सचं स्टिकर हातात आल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका

काल बाजारात बॅनर दिसला. चष्म्यापासून कायमची सुटका, मोफत नेत्रतपासणी शिबीर, शिमग्याआधी नोंदणी करणाऱ्यांना खास सवलत. संस्थेचं नाव नवीन आहे, पण खालचा मोबाईल नंबर तोच, डोळ्यांच्या ऑपरेशनात मला फसवणाऱ्यांचा. माझ्या फोनमध्ये अजून सेव्ह आहे तो. म्हणून आज लिहायला बसले. वर्षभर माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं, इतकी लाज वाटत होती.

मी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. डिसेंबर 2023 मध्ये आमच्या गावच्या शाळेत शिबीर भरलं तेव्हा मी 48 वर्षांची होते. जवळचा नंबर पावणेदोन, लांबचा जेमतेम अर्धा. खरं तर काही अडलं नव्हतं. पण आपल्याकडचा घाम माहीत आहे ना? मशीनवर वाकलं की चष्मा घसरून कापडावर. लग्नसराईत दिवसाला आठ ब्लाऊज उतरवायचे असतात तेव्हा जीव वैतागतो. हौस म्हणून गेले नव्हते मी.

पांढरा कोट घातलेल्या मुलाने मशीनला हनुवटी टेकायला लावली. आत लांबच्या रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो, तेच मशीन. चिठ्ठी निघाली, ती बघून म्हणाला, "ताई, मोतीबिंदूची सुरुवात आहे. आज ना उद्या ऑपरेशन लागणारच. आत्ताच जवळ, मधलं, लांब अशी तीन अंतरांची इंपोर्टेड लेन्स बसवा, मोतीबिंदूही गेला आणि चष्माही गेला." ते मशीन चष्म्याचा साधारण नंबर काढतं, मोतीबिंदू सांगत नाही. तो नीट बघायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून, दिव्याच्या मशीनवर डोळ्यांच्या डॉक्टरनेच बघावा लागतो. शिबिरात ना थेंब, ना डॉक्टर. आणि मोतीबिंदू असताच, तर सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे. हे सगळं मला नंतर कळलं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. आज नाव दिलं तरच सवलत, यादीत दोनच जागा, शेजारच्या वाडीतल्या काकींनी केलं आणि त्या आता पोथी वाचतात. एका डोळ्याचे 72,000, दोन्हींचे 1,44,000, शिबिराची सूट 9,000. म्हणजे 1,35,000. त्यातले 2,000 शाळेच्या व्हरांड्यातच रोख दिले, 48,000 ऑपरेशनच्या दिवशी रोख, आणि 85,000 ह्यांच्या खात्यातून ऑनलाईन. रोख दिलेले पन्नास हजार बचत गटाचं कर्ज होतं. पावती फक्त 85,000 ची मिळाली, तीही "डोळ्याची शस्त्रक्रिया, पॅकेज" एवढ्याच शब्दांची. लेन्सचं नाव पावतीवर नसेल तर एक रुपया देऊ नका. रोख तर देऊच नका.

9 जानेवारी 2024. चिपळूण स्टँडवरून त्यांच्या गाडीने कुंभार्ली घाट चढून घाटावरच्या हॉस्पिटलात गेलो, आम्ही 11 जण. इंग्रजी कागदांवर माझ्या सहा सह्या घेतल्या.

आणि मग तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी अजून तिथेच जाऊन बसते. ऑपरेशनच्या आधी सिस्टरने लेन्सचा डबा दाखवायला आणला. "बघून घ्या ताई, तुमचीच लेन्स." डब्याचं झाकण उघडंच होतं. आत लेन्सचं नाव-नंबर छापलेल्या स्टिकरांचा, म्हणजे फाईलला आणि पेशंटच्या कार्डाला लावायच्या स्टिकरांचा, चकचकीत कागद होता, आणि त्यावर एकही स्टिकर नव्हतं. नुसत्या चौकोनांच्या कडा. थेंबांमुळे अक्षरं पुसट दिसत होती, पण कोरा कागद कोरा दिसतोच की! मी विचारलंसुद्धा, "स्टिकरं कुठायत?" ती म्हणाली, "फाईलला लावली." सगळीच्या सगळी? अजून ऑपरेशनच झालेलं नसताना? डोळ्यात लेन्स जायच्या आधी तिची स्टिकरं संपतात कशी? तो डबा दुसऱ्याच कुणाच्या तरी लेन्सचा होता. माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण अंगात हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, पैसे भरून झालेले, बाहेर दहा माणसं रांगेत. तुम्ही असता तर उठून गेला असता? मी नाही उठले. आठवड्याने, 16 तारखेला, डावा डोळाही करून घेतला. घरी येताना दिलेल्या कार्डावर स्टिकरची जागा रिकामी होती. "कुरिअरने पाठवू" म्हणाले.

लांबचं लख्ख दिसायला लागलं, नारळाच्या झावळ्या मोजून घ्याव्यात असं. पण सुईचं नाकं दिसेना. मोबाईल दिसेना. फोन केला की एकच उत्तर, "मेंदूला सवय व्हायला सहा महिने लागतात." खऱ्या मल्टिफोकल, म्हणजे एकापेक्षा जास्त अंतरांच्या लेन्सची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणूनच मी विश्वास ठेवला. जूनमध्ये म्हणाले लेन्समागे पडदा आलाय, लेझर करू. एका डोळ्याचे 3,500 प्रमाणे आणखी 7,000 भरले.

ऑक्टोबरात धाकटी जाऊ हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी बाहुली मोठी करून दोन्ही डोळे बघितले. तीन अंतरांच्या लेन्सवर बारीक वलयं असतात, ती मशीनवर दिसतात. माझ्या डोळ्यांत एकही वलय नाही. साधी, एकाच अंतराची लेन्स. वर, 48 व्या वर्षी स्वतःच्या लेन्सला थोडी लवचिकता उरलेली असते. तीही लेन्स काढल्याबरोबर गेली आणि ती परत येत नाही. आधी पावणेदोन होता, आता जवळचा नंबर अडीच आहे. लेन्स बदलता येईल का विचारलं, तर लेझरने मागचा पडदा उघडल्यामुळे ते फार जोखमीचं झालंय म्हणाले. माझ्याच सात हजारांत त्यांनी तो रस्ताही बंद केला.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्यांदा म्हणाले, हॉस्पिटल दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडे जा. दुसऱ्यांदा म्हणाले, डॉक्टरांची बाब आहे, मेडिकल बोर्डाचं मत आणा. अहो साहेब, निष्काळजीपणाची तक्रार कुठे आहे? एका वस्तूचे पैसे घेऊन दुसरीच दिली, बाजारात वजनात मारलं तर तुम्ही बोर्डाचं मत मागता का? तिसऱ्यांदा, "सही तुमचीच आहे ना?" 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ती छापील प्रत पुढे ठेवली तर वाचलीसुद्धा नाही. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात आवक क्रमांक मिळाला. महिन्याने गेले तर टेबलावरचे साहेब बदललेले आणि अर्ज "वर" गेलेला. वर म्हणजे कुठे, ते त्या इमारतीत कुणालाच सांगता येईना. तीन वेळचं एसटीचं भाडं आणि तीन दिवसांची शिलाई बुडाली, हाती काय तर एक शिक्का!

हॉस्पिटलकडे केस पेपर लेखी मागितले. मागितल्यापासून 72 तासांत द्यायचे असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. मला 41 दिवसांनी मिळाले, आणि लेन्सच्या रकान्यात दोन वेगवेगळ्या पेनांची अक्षरं आहेत. तुम्ही रजिस्टर पोस्टानेच मागा, पोच जपून ठेवा.

शेवटी जानेवारीत ग्राहक आयोगात केस टाकली. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच टाकता येते, घाट चढायला नको. आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, निदान क्रमांक तरी हातात राहतो. आणि विम्यातून होईल असं शिबिरात कुणी म्हणालं तर उठून या. साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च पॉलिसीत धरत नाहीत, म्हणून ही माणसं कागदावर मोतीबिंदू लिहितात आणि सही तुमची घेतात.

9 जानेवारीच्या त्या गाडीत माझ्यासोबत जे दहा जण होते, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर आज कपाटातून ते कार्ड काढा. स्टिकर नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून लेन्स बघून घ्या आणि त्यांच्याकडून लेखी घ्या. आयोगात जायची मुदत दोन वर्षांची असते, ती उरली आहे का ते आधी विचारून घ्या.