अपूर्णांकांच्या मनोऱ्यांचा संच: पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी

१/८ मोठा की १/५, असं विचारलं की पाचवीतली बरीच मुलं १/८ म्हणतात, कारण पाचापेक्षा आठ मोठे. ०.५ आणि ०.१२५ मध्ये त्यांना ०.१२५ मोठा वाटतो, कारण त्यात एकशेपंचवीस दिसतात. आणि हीच मुलं भाजीवाल्याच्या काट्यावर ०.२५० आलं की "पाव किलो झालं" म्हणून पिशवी पुढे करतात. म्हणजे जाण आहे, पण ती वहीपर्यंत पोचलेली नाही. मी नाशिकला घरी गणिताच्या शिकवण्या घेते. हे अंतर मिटवायला मी जी साधनं वापरली, त्यांत हा संच मला सगळ्यांत उपयोगी वाटतो.

संचात एक्कावन्न ठोकळे येतात. एक पूर्ण, दोन अर्धे, तीन एकतृतीयांश, चार पाव, मग पाचवे, सहावे, आठवे, दहावे आणि बारावे भाग. प्रत्येक भागाचा रंग वेगळा. ठोकळ्याच्या एका बाजूवर अपूर्णांक छापलेला, दुसरीवर दशांश, तिसरीवर शेकडेवारी, चौथी कोरी. ते एकमेकांवर घट्ट बसतात, आणि कुठल्याही रंगाचे सगळे ठोकळे रचले की मनोरा पूर्ण ठोकळ्याएवढाच उंच होतो.

खरी करामत फिरवण्यात आहे. पावाचे तीन ठोकळे रचायचे: समोर १/४ तीनदा दिसतं. मनोरा फिरवला की ०.२५ तीनदा, आणखी फिरवला की २५% तीनदा. उंची जागची हलत नाही. बहुतेक पुस्तकांत अपूर्णांकांचा धडा वेगळा, दशांशांचा वेगळा आणि शेकडेवारी त्याच्याही पुढे. त्यामुळे मुलांना ही तीन वेगळी गणितं वाटतात. ३/४, ०.७५ आणि ७५% ही एकाच उंचीची तीन रूपं आहेत, हे मनोरा हातात फिरवताना त्यांना पटतं. कोरी बाजूही फार कामाची: ती पुढे करून "आता किती?" विचारायचं. १/८ आणि १/५ चे ठोकळे शेजारी ठेवले, की सुरुवातीचा तो गोंधळ मला एक शब्दही न बोलता मिटतो.

क्रिकेटचं एक उदाहरण मी आवर्जून घेते. १९.३ षटकं म्हणजे साडेएकोणीस, पण मुलं ते दशांश म्हणून वाचतात. सहाव्या भागाचे तीन ठोकळे रचा, ते बरोबर अर्ध्याएवढे भरतात. दहाव्या भागाचे तीन रचा, ते बुटके राहतात. त्या टिंबानंतरचा ३ हा सहांपैकी ३ आहे, दहांपैकी नाही, हे लगेच कळतं.

पण माझा सगळ्यांत आवडता तास एकतृतीयांशाचा. त्याच्या ठोकळ्याशेजारी दहाव्या भागाचे ठोकळे रचायला सांगते. तीन रचले तर कमी पडतात, चार रचले तर वर जातात. मुलं खूप खटपट करतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "बाई, बसतच नाही!" तिथेच दशांश का संपत नाही ते सांगायची वेळ येते. दहाचे तीन सारखे भाग होत नाहीत. उरलेल्या एका भागाचे पुन्हा दहा करा, पुन्हा एक उरतो, आणि हे कधी थांबत नाही. ठोकळ्यावर मात्र ०.३३३ छापलंय. मग मी तिन्हींची बेरीज करायला लावते: ०.९९९. सहाव्या भागावर ०.१६७ आहे, सहा मिळून १.००२. बाराव्यावर ०.०८३, बारा मिळून ०.९९६. तिन्ही मनोरे एकाच उंचीचे, बेरजा मात्र तीन वेगळ्या! ही मुलं आसन्न किंमत आयुष्यात विसरत नाहीत. काही पालकांना ही संचातली चूक वाटते. मला ती त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते, फक्त शिकवणाऱ्याने ती टाळून पुढे जायचं नाही.

आता उणिवा. माझ्या संचावर दशांश नुसते .५ असे छापलेत, टिंबाआधी शून्य नाही. मुलं सरळ पाच वाचतात, म्हणून मी प्रत्येक ठोकळ्यावर मार्करने शून्य काढून घेतलंय. बाराव्या भागाचे ठोकळे लहान बोटांना सुटता सुटत नाहीत. किंमतही कमी नाही. एका शिकवणीला किंवा वर्गाला एक संच पुरतो. एकाच मुलासाठी घरी घ्यावा असं मी म्हणणार नाही.

मोठी उणीव शेकडेवारीची. २५% चा ठोकळा नेहमी तेवढाच, त्यामुळे २५% ही ठरलेली रक्कम आहे असा समज होतो. चाळीस रुपयांचे २५% दहा आणि दोनशेचे पन्नास, हे या ठोकळ्यांत दिसत नाही. शंभर भागही कुठे दिसत नाहीत. आमच्या लहानपणी ते काम रुपया करायचा: चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, म्हणजे पाव रुपया. जून २०११ अखेर पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं, आणि आजच्या मुलांच्या हातात रुपयाचे शंभर भाग येतच नाहीत. म्हणून या संचाबरोबर दहा बाय दहा चौकटींचा कागद हवाच. २५ चौकटी रंगवून झाल्या की मगच २५% चा ठोकळा हातात द्यावा.

ज्यांना संच घेणं शक्य नाही, त्यांनी पुठ्ठ्याच्या २४ सेंटीमीटरच्या पट्ट्या कापाव्यात. २४० मिलिमीटरचे हे सगळे भाग पूर्ण मिलिमीटरमध्ये येतात: अर्धा १२०, एकतृतीयांश ८०, पाव ६०, पाचवा ४८, सहावा ४०, आठवा ३०, दहावा २४, बारावा २०. पुढे अपूर्णांक लिहा, मागे दशांश आणि शेकडेवारी. कापायचं काम मुलांनाच द्या.