पिलीभीतची लांब बासरी, पांढरी तीन

पुण्याच्या केळकर संग्रहालयातलं वाद्यांचं दालन मी दोनदा पाहिलंय. काचेआडचं वाद्य बघून डोळे निवतात, पण बासरीची पारख ओठाला लावूनच करायची असते. म्हणून फोटो बघून मागवायची नाही, हे पक्कं होतं. डिसेंबरात हस्तकलेच्या एका प्रदर्शनात पिलीभीतहून आलेल्या कारागिरासमोर तासभर बसले आणि पाच बासऱ्या वाजवून ही घेतली. पांढरी तीन, म्हणजे जिचा सा पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, जवळजवळ अडीच फूट, 3,200 रुपये. आता चार महिने रोज वाजवतेय.

पिलीभीत उत्तर प्रदेशात, पण बासरीचा बांबू तिथे येतो आसामहून. लांब पेराचा, पातळ, सरळ. माझ्या बासरीची फुंकेपासूनची, म्हणजे फुंकर घालायच्या भोकापासूनची, सगळी भोकं एकाच पेरात आहेत, मध्ये गाठ कुठेही नाही.

घेताना गंधार थोडा चढा लागत होता. मी तानपुऱ्याचं ॲप लावून दाखवलं. कारागिराने वाद घातला नाही. वरून दुसऱ्या भोकाच्या आतल्या कडेला नखाने मेणाचा थर दिला, वाजवून बघितलं, किंचित खरवडलं, पुन्हा वाजवलं. तिसऱ्या खेपेला गंधार असा लागला की शेजारच्या गाळ्यावरची बाईही वळून बघायला लागली. ते मेण अजून तसंच आहे.

खरी श्रीमंती मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात आहे. सहाही भोकं बंद करून पंचम लावला की बांबूची थरथर बोटांना जाणवते. बासरीवादक पन्नालाल घोषांनी (1911–1960) लांब बासरी रागदारीत आणली, त्यामागे हाच भरदार, खालचा आवाज होता. सकाळी भूप राग घेऊन बसले की मंद्र धैवतावरून उठावंसं वाटत नाही.

आता उणं. टोकाचा दोरा पंधरा दिवसांत सैल झाला, मलाच पुन्हा आवळून गुंडाळावा लागला. आणि भोकांमधली अंतरं मोठी आहेत. माझी बोटं आखूड. उजव्या हाताची अनामिका शेवटच्या भोकावर नीट बसायला तीन आठवडे गेले. टोकांऐवजी मधल्या पेरांनी भोकं झाकायला लागल्यावर मनगट दुखायचं थांबलं. नुकतं शिकायला लागलेल्यांनी आधी पांढरी पाच, म्हणजे हिच्याहून आखूड बासरी घ्यावी.

माझी आधीची बासरी, दुसरीकडून घेतलेली, एका एप्रिलमध्ये फुंकेपासून उभी तडकली होती. त्यामुळे हिला मार्चपासूनच आतून तेलाचा बोळा फिरवते आणि पंख्याखाली ठेवत नाही. अजून तरी कुठे केसाएवढीही चीर नाही.